वरच्या खोलीतून जवाब नाही

प्रिय ताई,

हातात मोबाईल असताना सुवर्णाले कागद काऊन सुचला, म्हणून हसशील. हस. पण दुकानात बाबा कान देऊन बसतात, अन् त्याईचं नाव काढलं की तू फोनच कट करतेस. दसऱ्याले तर तू सरळ सांगून टाकलंस की दिवाळीले येत नाही, जिथं बाप आपलं नाव घेत नाही तिथं कशाले यायचं. आईनं करंज्यांचा रवा आणून ठेवलाय, तिले मी अजून हे सांगितलंच नाही. माझं कशात मन लागून नाही राह्यलं.

त्यात दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर कॉम्प्युटर रुसलेलं. दुष्काळात तेरावा महिना! तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांची ही गर्दी, वडनेर भोलजीचे रामराव पोरीची लग्नपत्रिका छापून घ्यायले बाकावर ठिय्या देऊन बसलेले, अन् डिझाइनचं फोल्डर उघडलं की चक्री नुसती फिरून राह्यली. बंद करून चालू केलं तरी तेच रडगाणं. बाबा म्हणाले, कॉम्प्युटरमध्ये हे लिनक्स बसवून गेली अन् आमच्या गळ्यात घोंगडं टाकलं. कोण बसवून गेली, ते नाही म्हणाले. तू नोकरीसाठी बंगलोरले गेलीस तेव्हापासून त्याईच्या बोलण्यात तू अशीच येतेस, बिननावाची.

मले वाटलं डिस्क गेली. मग तू शिकवलं तसं पाह्यलं, तर प्रोसेसर निवांत अन् कामांचा लोड मात्र चढतच चाललेला. असं कसं होते? अडकलेली कामं, म्हणजे प्रोसेस, पाह्यल्या, तर सगळ्यांपुढे इंग्रजी 'डी'. तूच सांगितलं होतंस, डी म्हणजे ती कोणाच्या तरी जवाबाची वाट पाहून राह्यली, तिले मारून फायदा नाही. तरी मी त्या बंद करायले किल मारलं, परत मारलं. ढिम्म! इकडे रामराव दर घटकेले विचारत, झालं का बाई, झालं का. मले रडू यायचं बाकी होतं.

मग डोक्यात उजेड पडला. आपल्या डिझाइन दुकानात आहेतच कुठं? त्या वरच्या तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, तू केबल टाकून जोडून दिलेल्या. अन् वरून जवाबच येत नव्हता. तू गेल्यापासून ते कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू अन् खोलीले कुलूप, चावी बाबाच्या खिशात. मी बाबाले म्हटलं, वरचं बंद पडलं दिसते, चावी द्या, नाही तर हा जोड तोडून टाकते, डिझाइन नव्यानं करू. माणूस असा दचकला की हातातला चहा सांडला. तोडू नको म्हणाले. दोनदा म्हणाले. अन् चावी माझ्या हातात देऊन उगाच कटिंग मशीन पुसत बसले.

वर गेली तर काय, प्लग काढून वायर नीट गुंडाळून ठेवलेली. कॉम्प्युटरवर हळदीकुंकू, झेंडूची कोमेजलेली माळ, अन् कीबोर्डवर आपट्याचं पान. ताई, दसऱ्याले आपण यंत्राले आराम देतो, तुले माहीतच आहे. खालची यंत्रं बाबांनी दुसऱ्या दिवशी सुरू केली, वरचं राहून गेलं. नंतर आठवलंही असेल, पण कसं सांगतील? मग पूजा केली हेही सांगावं लागलं असतं ना! मी प्लग लावला, खाली आली, तर अडकलेलं सगळं आपोआप सुटलेलं अन् रामरावाची पत्रिका स्क्रीनवर. चावी मी बाबाच्या हातात परत ठेवली.

पण ते पान मी गुपचूप उचललं होतं. ज्या दिवशी तू येत नाही म्हणालीस, त्याच दिवशी बाबांनी वर जाऊन तुझ्या वाटचं सोनं ठेवलं होतं. फोनमधून पान पाठवता येत नाही, म्हणून हा कागद. पाकिटात पाहा, कोपऱ्यात दुमडलं असेल. आता जवाब तुझ्याकडून यायचा आहे. आईनं रवा अजून भिजवला नाही.

वाट पाहणारी तुझीच,
सुवर्णा