परिशिष्ट ब

९ जून, सोमवार

आज अभ्यास मंडळाची मीटिंग. विषय एकच: आपल्या कॉलेजच्या इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या पदवीचा सिलॅबस बदलणे. इंडस्ट्री एक्स्पर्ट म्हणून हरेश आला होता. माझा जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर झोपायचा. आता हाताखाली चाळीस माणसं आहेत म्हणे. त्याने जुना सिलॅबस चाळला आणि अगदी नम्रपणे विचारलं, सर, दुसऱ्या युनिटमध्ये फ्लॉपी डिस्क अजून आहे का?

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. तो सिलॅबस २००९ साली मीच लिहिलाय हे कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. पहिल्याच पानावर माझं नाव आहे, हे नंतर दिसलं.

प्राचार्या नीता मॅडमनी विचारलं, नव्याची जबाबदारी कोण घेतं? एक हात वर गेला. माझा होता.

कान अजून गरम आहेत.

१० जून, सकाळी ६.४०

संकल्प. तीस जूनच्या आत नवा सिलॅबस. स्वतः पायथन शिकणे, कारण नव्यात ते असणार आणि शिकवणार मी. शिवाय रोज वडाळे तलावाला तीन फेऱ्या, डोकं ताजं राहावं म्हणून.

आज फेऱ्या नाहीत. तलावापर्यंत गेलो, तिथे बसून विचार केला.

१७ जून

तीन वर्षांचे मिळून एकशे बत्तीस क्रेडिट व्हायला हवेत. माझे एकशे एक्केचाळीस झाले. दोन विषय काढले, तर एकशे सत्तावीस. एक परत घातला, तरी जमेना. एक्सेलमध्ये काहीतरी बिघाड आहे.

सुमतीने गवार मोडता मोडता कागद मागितला आणि मागच्या बाजूला बेरीज केली. एकशे बत्तीस. घरात बसून असं सोपं दिसतं, असं तिला सांगितलं. ती पुन्हा गवारीकडे वळली. कागद मात्र मी ठेवून घेतलाय.

२१ जून, शनिवार

ताहिरा मॅडम आमच्या विभागात सर्वांत धाकट्या, पण टिपणं फार काढतात. त्यांचं म्हणणं, यंदा फक्त पहिलं वर्ष बदलू, पुढच्या वर्षी दुसरं, मग तिसरं. जुन्या मुलांना धक्का लागणार नाही. मी म्हणालो, मॅडम, हप्त्याहप्त्याने क्रांती होत नसते. तिन्ही वर्षं एकदम, यंदापासूनच.

त्यांनी हेही लिहून घेतलं. मग विचारलं, सर, जुने पेपर एकदम बंद झाले तर ज्यांचा एखादा पेपर राहिलाय त्यांनी काय करायचं? जुन्या कुठल्या विषयाऐवजी नव्यातला कुठला द्यायचा, त्याची यादी लागेल. परिशिष्ट ब म्हणून जोडू या.

मी म्हणालो, ते कारकुनी काम आहे. तासाभराचं. मी करतो.

२६ जून

पायथन. यूट्यूबवरचा माणूस फार भरभर बोलतो. तीन दिवसांत इन्स्टॉल करण्यापर्यंत पोचलो. नवीन पनवेलला झेरॉक्सच्या दुकानावर एक कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे नाव घातलं. पुतण्यासाठी चौकशी करतोय असं आधी सांगितलं होतं. मग स्वतःच आत जाऊन बसलो. टोपी घालून.

शिकवणारी मुलगी आत आली आणि म्हणाली, सर! तुम्ही?

रंजिता. कोन गावची. गेल्या वर्षी बाहेर पडलेली बॅच. म्हणजे बॅच बाहेर पडली, ही एका पेपरमुळे अडकली. तिने सर म्हटल्यावर आठवीची मुलं आणि दोन गृहिणी उभ्या राहिल्या. बाहेर पायथन कसं शिकवतात त्याची पाहणी करायला आलोय, असं मी सांगितलं. ती म्हणाली, बसा ना सर. बसलो. शेजारच्या मनस्वी नावाच्या चिमुरडीने माझा कंस बंद नसल्याचं दाखवून दिलं. काका म्हणाली.

रंजिता चांगलं शिकवते. पाया आमच्याकडे झालाय ना.

३ जुलै

क्लास सुटल्यावर रंजिता जिन्यात थांबली होती. नव्या विमानतळावरच्या एका कंपनीत तिची निवड झाली आहे. सिस्टिम्स विभागात. एक डिसेंबरला हजर व्हायचं, पण पदवीचं प्रमाणपत्र घेऊनच. राहिलाय तो एकच पेपर. माझा. त्यातली थिअरी सुटली आहे, इंटर्नल राहिलंय. पंचवीसपैकी नऊ. पासिंगला दहा.

पुन्हा इंटर्नल द्यायला ती तीन वेळा आली होती म्हणे. एका मुलीसाठी लॅब उघडता येत नाही, असं मीच सांगितलं होतं म्हणे. सांगितलं असेन. तिने घाबरत विचारलं, नवीन सिलॅबस येतोय तर माझा पेपर ऑक्टोबरमध्ये होईल ना सर?

म्हणालो, अगं, मी आहे ना.

घरी चालत आलो. खूप दिवसांनी इतकं हलकं वाटलं. नऊ मार्क गुणवत्तेनुसारच होते. शिस्त हाही एक गुणच असतो.

२५ जुलै, शुक्रवार

विद्वत परिषदेत नवा सिलॅबस मंजूर! बारा मिनिटांत. नीता मॅडम म्हणाल्या, भगवानराव, छान काम. तीस जूनचं पंचवीस जुलै झालं, पण ते कोणी काढलं नाही.

जाता जाता ताहिरा मॅडमनी हळूच विचारलं, सर, परिशिष्ट ब जोडलंय ना? म्हणालो, हो.

जोडलंय. शीर्षक ठळक अक्षरांत आहे. खाली तक्ता आहे. तक्त्यात अजून काही भरलेलं नाही. रविवारी भरतो.

२७ जुलै

रविवार. सुमतीच्या बहिणीकडे जावं लागलं. जावं लागलं म्हणजे मीच निघू या म्हणालो.

१० ऑगस्ट

बसलो. जुन्या विषयांत पहिलाच माझा. त्यात कोण अडकलंय ते बघायला जुनी मार्कांची शीट उघडली. एकच नाव. त्याच्यापुढे नऊ. त्या नवाच्या खाली खोडल्याची खूण आहे.

फाइल बंद केली. प्रिंटरची शाई संपली होती. प्रिंट काढायची नव्हती, तरी पण संपली होती.

२ सप्टेंबर

गणपतीत कोण तक्ते भरतं?

१५ सप्टेंबर, दुपारी

परीक्षेचे फॉर्म सुरू. रंजिता स्टाफरूमच्या दारात. सिस्टिममध्ये तिचा विषयच दिसत नाही. परीक्षा विभागाने सांगितलं, तो कोड बंद झालाय, त्याऐवजी दुसरा कुठला ते कळवलेलं नाही.

मी म्हणालो, सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल.

सर्व्हर व्यवस्थित चालू आहे.

१८ सप्टेंबर

रंजिताचे वडील आले. महादेव. कोनहून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काकड्यांची पिशवी. खुर्ची दिली तरी बसेनात. म्हणाले, "सर, आमी कागद वाचनारी मानसं नाय. पोर बोलते मशीनमदी विषयच नाय. ती काय जेवत नाय दोन दिस. तुमी तिचे सर हाव. तुमी सांगाल तसा करू."

मी सांगितलं, हे नियम वरून येतात.

त्यांनी मान हलवली. वरून येतात म्हटल्यावर त्यांचा प्रश्नच संपला. वर म्हणजे अभ्यास मंडळ. अभ्यास मंडळाच्या सिलॅबस समितीचा निमंत्रक मी. हे त्यांना सांगायला हवं होतं. ते पायऱ्या उतरेपर्यंत वेळ होता. वाकून त्यांनी आधी एक पायरी बघितली, मग दुसरी. गुडघे दुखत असावेत.

पिशवी टेबलावर राहिली. सुमतीने कोशिंबीर केली. पोट बिघडलंय म्हणून खाल्ली नाही.

१९ सप्टेंबर

ताहिरा मॅडमनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. परिशिष्ट ब, पूर्ण भरलेलं. अकरा जुने विषय, अकरा नवे. काल दुपारी केलं म्हणाल्या. किती वेळ लागला विचारलं. चाळीस मिनिटं.

मी म्हणालो, मीही साधारण असंच करणार होतो. त्यांनी पेन पुढे केलं. सही केली. त्या नेहमी काहीतरी लिहून घेतात, आज काहीच लिहून घेतलं नाही.

पण विद्वत परिषदेची मंजुरी लागणार. पुढची बैठक नोव्हेंबरात. ऑक्टोबरची परीक्षा गेली.

४ ऑक्टोबर

क्लासला गेलो. रंजिताने सर म्हणून हसून खुर्ची दिली. तिने रागवावं असं वाटत होतं. तिने लूप शिकवला. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहायची, थांबायची अट घातली नाही तर थांबतच नाही, असं काहीतरी. मनस्वीला लगेच समजलं.

संकल्प: रंजिताला सगळं सांगणे. आठवडाभरात.

१२ ऑक्टोबर

दिवाळी जवळ आली आहे. अशा वेळी कशाला.

८ नोव्हेंबर, शनिवार

परिशिष्ट मंजूर. रंजितासाठी खास परीक्षा पंचवीस तारखेला. निकाल बारा डिसेंबरला. लवकर लावता येईल का असं ताहिरा मॅडमनी विचारलं. नियम असा की बाहेरच्या परीक्षकाची सही आणि पंधरा दिवस. तो नियमही नव्या सिलॅबससोबत मीच घातला होता. कडकपणा दिसावा म्हणून.

कंपनीला पत्र लिहितो म्हणालो. लिहिलं. तीन पानी. माझ्या चोवीस वर्षांच्या सेवेपासून सुरुवात केली. ताहिरा मॅडमनी चार ओळींचं केलं आणि पाठवलं.

२५ नोव्हेंबर

शेजारच्या खोलीत बसलो होतो. मध्ये लाकडी पार्टिशन आहे, सगळं ऐकू येतं. बाहेरचे परीक्षक एकामागून एक विचारत होते आणि ती सांगत होती. एकदा ते म्हणाले, व्वा. मी माझी पाण्याची बाटली उघडली आणि बंद केली.

२ डिसेंबर

कंपनीने काल वाट बघितली. प्रमाणपत्र नाही म्हणून यादीतल्या पुढच्या मुलीला घेतलं. मीच क्लासमध्ये जाऊन विचारलं, तेव्हा रंजिताने सांगितलं. म्हणाली, पुढची भरती निघेल तेव्हा बघू सर. मग फळा पुसायला लागली. फळा आधीच पुसलेला होता.

१२ डिसेंबर, शुक्रवार

निकाल. रंजिता पास. इंटर्नल पंचवीसपैकी तेवीस.

आता लिहूनच टाकतो. ही वही कोणी वाचत नाही.

दोन वर्षांपूर्वी रंजिताच्या तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. मी चूक म्हणालो. ती म्हणाली, सर, नोट्समध्ये हे उलटं छापलं गेलंय बहुतेक. हळू आवाजात म्हणाली होती. पण बाहेरचे परीक्षक बाजूला बसले होते आणि त्यांनी मान डोलावली. तिला. घरी येऊन पुस्तक बघितलं. तिचं बरोबर होतं. नोट्स माझ्या होत्या, अकरा वर्षं त्याच शिकवत होतो. शीटवर आधी अठरा लिहिले होते. ते खोडले.

परिशिष्ट तासाभराचंच काम होतं. त्या तासात तो आकडा समोर ठेवून बसावं लागलं असतं. म्हणून केलं नाही. शाई, गणपती, सुमतीची बहीण, हे सगळं तेवढ्यासाठी.

१६ डिसेंबर, सकाळी ११.२०

नीता मॅडमना लेखी दिलं. एक पान. अठराचे नऊ मी केले, परिशिष्ट कोरं असताना जोडलंय म्हणून मीच सांगितलं, मुलीची नोकरी त्यामुळे गेली. होईल ती कारवाई मान्य असेल, असंही लिहिलं. ते वाक्य जरा चांगलं जमलं होतं.

मॅडमनी दोनदा वाचलं. मग दार लावून घेतलं आणि म्हणाल्या, भगवानराव, फेब्रुवारीत मूल्यांकनाची समिती येते आहे. हा कागद फाइलला कसा लावू? मुलगी पास झाली ना? विषय संपला. पत्र घडी घालून माझ्या हातात परत दिलं. पुढच्या टर्मपासून सिलॅबसचं ताहिरा मॅडम बघतील, तुम्ही थोडी विश्रांती घ्या, असंही म्हणाल्या.

शिक्षासुद्धा झाली नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये चहा घेतला. नेहमीसारखाच लागला.

१८ डिसेंबर, गुरुवार

तेच पत्र घेऊन क्लासला गेलो. जिन्यात रंजिताला दिलं. काय बोलायचं ते रस्त्याने पाठ केलं होतं. तिने पत्र उघडल्यावर त्यातलं काहीच आठवेना.

तिने उभ्या उभ्या वाचलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा असू द्या सर म्हणेल. तिन्हीची तयारी केली होती. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "अठरा होते?"

मी हो म्हणालो.

म्हणाली, "दोन वर्षं मला वाटत होतं, मीच कच्ची आहे. घरी पण तसंच सांगितलं होतं. बाबा बोलले, नसेल जमत तर सोड."



वरून मुलांनी मॅडम, मॅडम करून हाका मारल्या. तिने पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. पत्र परत दिलं नाही. दोन पायऱ्या चढली आणि वळून म्हणाली, बॅच सुरू होतेय, बसणार आहात का? सर म्हणाली नाही.

वर जाऊन मागच्या बाकावर बसलो. आज पायथनमधलं फंक्शन शिकवायचं होतं. तासभर बसलो. तिने मुलांना विचारलं, सगळ्यांना समजलं का? सगळ्यांनी हात वर केले. माझा खाली होता.