हंसाच्या मानेचा ट्रेलर आणि म्हाताऱ्यांच्या कमरा

चिरंजीव भावोजी बेलार्मीनो यांस, वहिनी क्लेओफास हिचे डोंगर ओलांडून पुएब्लोपर्यंत पोचतील एवढे आशीर्वाद. (एकाहत्तराव्या वर्षी चिरंजीव म्हणवून घ्यायला लाज वाटत असेल तर वाटू द्या. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुमचं नाक मी पुसलेलं आहे, आणि ज्याचं नाक पुसलं त्याला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे जे उरलोत ते. माझा डावा गुडघा पाऊस सांगतो, उजवा काहीच सांगत नाही, तो बंद पडलाय. तुमच्या पित्ताशयातले खडे काढले असं कळलं. डॉक्टरने बाटलीत घालून दिले असतील तर जपून ठेवा, वीस वर्षांत तुमच्या नावावर पिकलेलं तेवढंच आहे. तुमचं इथलं शेत मी रोज बघते. त्यात काटेरी झुडपं माणसाएवढी झालीत आणि माणसांपेक्षा जास्त दिवस टिकलीत.

अक्षर सुनेचं आहे, रोसाउराचं. शब्द माझे. मी बोलेन ते सगळं उतरवायचं, स्वतःला न आवडलेलंही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. ती सभ्य घरची आहे, त्यामुळे मी शिवी दिली की तिथे ती स्वल्पविराम देते. स्वल्पविराम जरा जास्त दिसले तर काय ते समजून घ्या.

तर पत्रास कारण की, यंदाही मार्चमध्ये पाटाचा गाळ काढायचा आहे. तुम्ही होतात तेव्हा घरटी एक माणूस आणि एक फावडं, असे चाळीस जण रांगेने पाटात उतरायचे, आणि पाटकरी काठीने मोजून प्रत्येकाला त्याचा तुकडा आखून द्यायचा. त्या चाळिसातले काही आल्बुकर्कला गेले, काही देवाकडे. दोन्हीकडून कोणी गाळ काढायला येत नाही. उरलो आहोत ते सगळे चर्चच्या एका बाकावर मावतो, फक्त उठताना एकमेकांना धरावं लागतं. म्हणून पाटाने गेल्या वर्षी सरकारी लिलावात एक बॅकहो घेतला. पुढे सूप, मागे लांब हात, आणि पूर्वी पिवळा होता असं म्हणतात. चाळीस जणांचं काम करतो आणि दुपारी जेवायला मागत नाही. पण हे सात टनांचं धूड राहतं वर गावात आणि पाट आहे खाली खोऱ्यात, आणि मधे साडेचार मैलांची उतरण. ते ट्रेलरवर चढवून खाली न्यायचं, पाटाच्या एका भागातून दुसऱ्या भागात हलवायचं, परत आणायचं. हे सगळं करणार एकटा माझा मुलगा मेल्कीआदेस, कारण पाटकरी तोच, मोठा पिकअप त्याचाच, आणि मागे वळून बघताना मान न दुखणारा या गावात तो शेवटचा.

उतरण तुम्हाला सांगायला नको. तुमच्या भावाला जाऊन येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. जुना ट्रेलर, वर ट्रॅक्टर, तिसरं वळण. पुढची गाडी थांबायला बघत होती आणि मागचा ट्रेलर तिला ढकलत होता, आणि मागच्याचं वजन जास्त होतं. अकरा दिवस दवाखान्यात होता. मर्तिकाला तुम्ही आलात, पोसोलेच्या रश्शाच्या तीन वाट्या घेतल्यात, आणि अंगणात उभे राहून म्हणालात, "ही उतरणच वाईट, वहिनी." मी तेव्हा काही बोलले नाही, माझ्या हातात चौथी वाटी होती. आता बोलते. उतरण आपल्या पणजोबांच्या आधीपासून तिथेच आहे. तिने आजवर कोणाच्या अंगावर चाल केलेली नाही.

असो. नवा ट्रेलर बघायला आम्ही तिघं गेलो. मेल्को, पाटाचे अध्यक्ष आन्सेल्मो किंताना, आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गाडीत आधीच जाऊन बसले होते, आणि माझ्या गुडघ्यांमुळे मला खाली उतरवणं हे मला नेण्यापेक्षा अवघड आहे. आन्सेल्मोने त्या दिवशी नवी टोपी घातली होती, लग्नाला मुलगी बघायला निघाल्यासारखी. ट्रेलरच्या आवारात शिरल्यावर वागलाही तसाच. रंग बघितला, बांधा बघितला, भोवती फिरून मागची बाजू बघितली. विकणाऱ्या पोराने मला सावलीत खुर्ची दिली आणि "आजी, तुम्ही इथे निवांत बसा" म्हणाला. मी खुर्ची घेतली आणि त्याच्या मागे मागे नेऊन जिथे तो बोलेल तिथे मांडून बसले.

जोडणी कुठली यावर भांडण झालं नाही. आपला जुना ट्रेलर गाडीच्या शेपटीला लटकायचा. हा नवा हंसासारखी मान वर काढून पिकअपच्या हौद्यात येतो आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर बसतो. मूल हाताला धरून ओढत न्यावं आणि कडेवर घ्यावं, एवढा फरक. कडेवरचं मूल जड असतं, पण आपल्याला पाडत नाही. हे मला एका नजरेत कळलं, आन्सेल्मोला पाऊण तासात. भांडण झालं ते ब्रेकवर. पोराने दोन तऱ्हा दाखवल्या. एकीत नुसती वीज. गाडीतून वायर येते, चाकातलं लोहचुंबक ओढतं, लायनर ड्रमला घासतात. दुसरीत ट्रेलरच्या मानेपाशी एक डबा असतो, वीज त्या डब्याला नुसती सांगते, आणि डबा तेल दाबून चाकाची डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो. मी विचारलं, "लेकरा, साडेचार मैल उतार, पाठीवर सात टन. खाली पोचेपर्यंत कोण तापून ढिला पडेल?" पोरगा भला होता. त्याने आधी आन्सेल्मोकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग खरं सांगितलं. नुसत्या विजेचेही चालतात, आजी, नीट राखले आणि हळू उतरलं तर. पण माझा बाप तिथून उतरणार असता तर मी तेलाचे घेतले असते.

मग त्याने गाडीतला गोल खटका दाखवला. ट्रेलर रिकामा असला की ब्रेक कमी करायचे, नाहीतर गचके बसतात. माल चढवला की वाढवायचे. हे ऐकल्यावर आन्सेल्मोने जो प्रश्न विचारला तो या खोऱ्यातला प्रत्येक पुरुष सगळ्यात आधी विचारतो. "म्हणजे बंदही करता येतो ना?"

(इथे रोसाउराने तीन स्वल्पविराम दिलेत.)

आता खरी गोम ऐका. पाटाच्या पैशात एकच गोष्ट बसत होती. एकतर तेलाचे ब्रेक, नाहीतर मागची आपोआप उठणारी शेपटी. बटण दाबलं की ट्रेलरची शेपटी जमिनीला टेकते, बॅकहो वर चढतो, बटण दाबलं की शेपटी वर. ती नसेल तर दोन लोखंडी फळ्या हाताने उचलून लावायच्या. आन्सेल्मोने ते बटण सहा वेळा दाबलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. पहिलं अपत्य झालं तेव्हाही तो एवढा हरखला नव्हता. बैठकीत उभा राहून म्हणाला, "बंधूंनो, आपल्या कमरांचा विचार करा." आणि बंधूंनी केला. दुसरा विचार करायला त्यांच्याजवळ काही शिल्लक नव्हतं. बसलेल्यांतल्या प्रत्येकाने आपापल्या कमरेला हात लावला. मी म्हटलं, कमरा तुमच्या, मान्य. पण उतरणीवर गाडीत एकच माणूस असणार आहे आणि तो माझ्या पोटचा आहे. आन्सेल्मो म्हणाला, "क्लेओफासबाई, मेल्को उत्तम चालवतो." मी म्हटलं, "त्याचा बापही उत्तम चालवायचा. थांबणं जमलं नाही." यावर एकाने कॉफी मागितली.

आपल्याकडे मत माणशी नाही, पाण्याच्या पाळीप्रमाणे, हे तुम्ही विसरला नसाल. ब्रेकच्या बाजूने माझ्या तीन पाळ्या आणि विधवा ओर्फेलिंदाच्या दोन. (तिलाही कंबर आहे, पण दोन मुलगेही आहेत.) शेपटीच्या बाजूने पाच. त्या पाचांतली एक कोणाची, ते सांगताना माझं तोंड अजून कडू होतं. मेल्कोची. म्हातारी माणसं वाकून फळ्या उचलणार आणि मी भारीतले ब्रेक मागू, हे बरं दिसत नाही, म्हणाला. घरी आल्यावर जवळ येऊन बसला. "आई, मी हळू चालवीन ना." हुबेहूब हेच शब्द मी याआधी एकदा त्याच्या बापाच्या तोंडून ऐकलेत, याच स्वयंपाकघरात, मिरच्या भाजताना.

आणि आता जे सांगते ते रोसाउरालाही नवीन आहे. जुन्या ट्रेलरला ब्रेक होते, भावोजी. तुम्ही पुएब्लोला जाताना तो आम्हाला देऊन गेलात तेव्हाही होते. पुढच्या ईस्टरला तुम्ही आलात, तुमच्या भावाबरोबर रिकामा ट्रेलर घेऊन चारा आणायला गेलात, आणि परत आल्यावर आपल्या मानेला हात लावून म्हणालात, "फार गचके मारतो रे. ती वायर तोडून टाक, मी तर कधी वापरले नाहीत." तुमच्या भावाने आयुष्यात माझं कधी ऐकलं नाही, बापाचं थोडं ऐकलं, तुमचं मात्र सगळं ऐकलं. त्याने पक्कड मागितली. पक्कड मीच आणून दिली. खिडकीपाशी, पिठाच्या डब्यामागे होती. मलाही त्या गचक्यांनी कॉफी सांडण्याचा कंटाळा आला होता. मेल्कोला वाटतं बापाची नजर कमी झाली होती, त्याचं वळण चुकलं. तीन वर्षं वाटतंय. मी वाटू दिलं, कारण खरं सांगायचं तर त्यात पक्कड येते.

(रोसाउराचा हात थांबला. लिही, म्हटलं. तिने लिहिलं. स्वल्पविराम एकही नाही.)

बाकी सगळं ठीक. कोंबड्या अंडी देतात, नवे पाद्री लवकर आटपतात, मिरची यंदा तिखट आहे. तुमच्या प्रकृतीला जपा, तिखट खाऊ नका, आणि वहिनीने काही मनाला लागेल असं लिहिलं असेल तर ते मनाला लागू द्या, त्यासाठीच लिहिलंय.

आपली वहिनी,
क्लेओफास (तिची फुली)

ता. क. एवढं सगळं लिहिण्याचं कारण पाकिटातला दुसरा कागद. पाच विरुद्ध पाच झाल्यावर उरली अकरावी पाळी. ती तुमची, त्या काटेरी शेताची. वीस वर्षांत तुम्ही एक थेंब पाणी घेतलं नाहीत, पण मत तुमच्या नावावर तसंच आहे. खाली सही करून परत पाठवा. तेलाचे ब्रेक, एवढंच त्यात आहे. बैठक वीस तारखेला.

ता. क. दोन. वरचं सगळं मंगळवारी सांगितलं होतं, आज रविवार. आन्सेल्मोला माझ्या पत्राचा वास लागला आणि त्याने बैठक काल शनिवारीच उरकायला घेतली. तेव्हा दुसरा कागद पाकिटात शोधू नका, तो पाटाच्या पेटीत पडलाय. त्यावर तुमच्या नावापुढे मी फुली मारली आणि साक्षीदार म्हणून रोसाउराने खाली सही केली. तिचं अक्षर जरा हललंय, पण तिचा नवरा गाडी चालवणार आहे, ती हलणारच. आन्सेल्मोने कागद उन्हात धरून बघितला. म्हणाला, "बेलार्मीनो पोस्टात तीस वर्षं होता आणि त्याला लिहिता येत नाही?" मी म्हटलं, "म्हणून तर आमची पत्रं कधी वेळेवर आली नाहीत." सगळे हसले, तो सोडून. सहा विरुद्ध पाच. ट्रेलर गाळ काढायच्या आधी येईल, तेलाच्या ब्रेकचा, साध्या फळ्यांचा. फळ्या उचलायला बंधूंना चार-चार जण लागतील, लागू देत, अख्खं बाकच उठून येईल.

ता. क. तीन. आन्सेल्मो तुम्हाला फोन करणार आहे. "फुली माझीच, मला लिहिता येत नाही," एवढं तुम्ही म्हणायचं आणि फोन ठेवायचा. लाज वाटेल. तीस वर्षं पोस्टात काढल्यावर वाटणारच. मेल्कोला पकडीचं मी सांगेन, माझ्या वाटणीचं, आणि तुमचं तुम्ही येऊन सांगा किंवा नका सांगू. पण फोनवर मात्र हो म्हणा. या घराण्यात ब्रेकच्या बाबतीत ज्यांचा शब्द चालला असे तुम्ही एकटेच, भावोजी. एकदा तुमच्या सांगण्यावरून ते निघाले. आता एकदा तुमच्या सांगण्यावरून बसले, असं होऊ द्या.