फेस काहून बसला

आदरणीय चंद्रशेखरदादाले आम्रपालीचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे हायेत? वहिनीलेही जयभीम सांगजो. इकडे बालाघाटात आम्ही खुशाल हावो, म्हणजे अजून एका घरात हावो. सासूबाई पेटी भरून दारात बसल्या हायेत, लांजीले लेकीकडे निघाल्या. अन् कारण काय, तं मी घरी बनवून विकते तो भांडे घासायचा साबण!

तू कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, म्हणून तुलेच विचारलं होतं. तू म्हटलं, लिक्विड गढूळ हाय तं जरासं स्पिरिट टाक. टाकलं. असं साफ झालं का वारासिवनीच्या ढाबेवाल्यानं लगेच बादलीभर मागितलं. पण मागच्या आठवड्यात पाह्यते तं पाण्यासारखं पातळ, फेसाचा पत्ता नाही. (तूच बजावलं होतं ना, साबणाचे कण पाण्यात टोळकं करून राह्यतात, अल्कोहोल जास्त झालं का टोळकं फुटते, मंग ना घट्टपणा ना फेस. मीठ टाकून पाह्यलं, काही उपयोग नाही.)

त्याच साबणानं धुतलेला कप सासूबाईनं तोंडाले लावला अन् खाली ठेवला. म्हणे, माझा पवन पुन्हा दारू प्यायले लागला. (मागच्या बुद्धपौर्णिमेले विहारात सगळ्यांसमोर सोडली होती त्यानं.) मी म्हटलं, आई, वास साबणाचा हाय. तं म्हणे, मंग तुझा साबण काहून दारू पेते? आता रोज संध्याकाळी नवऱ्याले माझ्या आ करून उभा करतात अन् वास घेतात. मले असा संताप आला दादा, मोठ्यानं भांडली मी त्याच्यासाठी! त्या एकच म्हणतात, खरं निघालं तं या घरचं पाणी पेणार नाही. जीव नुसता टांगणीले लागला हाय.

तू रविवारी ये, तोवर त्यांले थांबवून ठेवते. कॉलेजवाल्याचं त्या ऐकतात. साबणाचं शास्त्र समजावून दे, बस.

तुझी बहीण,
आम्रपाली

ता. क. ढाबेवाल्याले नाही म्हणून सांगितलं. साबणाची फिकीर करू नको.

ता. क. आणखी एक. फेस काहून बसला ते मले माहीत हाय. तांदळाच्या कोठीत हात घातला तं मोहाच्या दारूच्या दोन बाटल्या लागल्या. सासूबाई अंगणातून येऊनच राह्यल्या होत्या, समोर साबणाची बादली होती, ओतून देल्या. दादा, त्यांच्याशी नको बोलू, पवनशी बोल. काल त्यानं विचारलं, फेस काहून नाही येत वं? मी नुसतं कोठीकडे पाह्यलं. सगळे भांडे त्यानंच घासले, त्याच साबणानं.