गाजराचं चित्र आणि मागची बारीक अक्षरं

सोम. १२ जाने. २००४
बंड्याने पुन्हा खाजवून रक्त काढलं. मागच्या पायाचे केस गेले. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ, खोबरेल, सगळं करून झालं. आमचा लेक रवी नोकरीला बंगलोरला गेला तेव्हा कुत्रा आमच्याकडे सोडला, त्याला वर्ष होईल. इंग्रजी नाव ठेवलंय, माझ्या तोंडात बसत नाही, म्हणून बंड्या. हे म्हणाले, बरा होत नसेल तर कुणाला तरी देऊन टाकू. असला खरजुला कोण घेतो? म्हणजे आरे-वारेच्या रस्त्याला सोडून येणार. मी असेपर्यंत नाही.

गुरु. १५
गुरांच्या दवाखान्यात गेले. रिक्षावाला कुत्र्याला घेईना, चालतच. डॉक्टर म्हणाले, कोंबडी बंद करा. म्हटलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पाकिटातलं खातो तो. वर गाजर, दूध, भाताची चित्रं. मुद्दाम बघून तेच घेते. हसले. म्हणाले, "पाकीट आणा. पुढची बाजू नको, मागची वाचायचीय."

शुक्र. १६
पाकीट नेलं. मागे मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. डॉक्टरांनी भिंग दिलं, मी वाचलं, अर्थ त्यांनी सांगितले. वजनाने जास्त ते आधी लिहायचं, असा नियम. पहिला मका. दुसरं कोंबडीचं उरलंसुरलं. पाय, मान, आतडी वाळवून केलेली पूड. मग गव्हाचा कोंडा, तेल, मीठ. मिठाच्या खाली दुधाची पावडर. सर्वांत शेवटी गाजर.
मिठाहून दूध कमी, आणि चित्रात पेला काठोकाठ! मी विकते त्या मेतकुटात हिंग चिमूटभर. म्हणून बरणीवर हिंगाचा खडा काढून देऊ का लोकांना?
विचारलं, लाल ठिपका कसा नाही? बिस्किटाचा पुडासुद्धा ठिपका बघून घेते मी. यावर लाल दिसला नाही म्हणून शाकाहारी धरलं. तर म्हणे, ठिपका माणसांच्या खाण्याला, कुत्र्याच्या पाकिटाला नाही. बरं, ती चूक माझी. पण गाजर कुणी काढलं?

शनि. १७
वर्षभर एकच वाटी. सकाळी नैवेद्याचे तांदूळ तिनेच मोजायचे आणि बंड्याचं खाणंही. धुऊन घेत होते, पण धान्यच आहे असं समजून. आज चिंच-राखेने घासली आणि स्वयंपाकघरातून बाहेर काढली. देवाला सांगितलं, मला ठाऊक नव्हतं. कंपनीला ठाऊक होतं.
हे म्हणाले, देव काही पाकिटं वाचत नाही.
दुपारी कंपनीला पत्र, दोन पानं, मराठीतच. एकच प्रश्न विचारलाय: पुढे जे काढता ते मागे शेवटी का?

मंगळ. २७
दहा दिवस ताकभात. खाज निम्म्याने उतरली, पण बरगड्या मोजून घ्याव्यात. उठताना पाय थरथरतात. डॉक्टर म्हणतात, नुसत्या भातावर कुत्रा जगायचा नाही, कोंबडी सोसत नाही तर मासे घाला.
मासे. आमच्या घरात.
कुंपणापलीकडच्या शेवंताला सांगितलं तर म्हणते, "काकू, कुत्रा हाय तो, भटजी न्हाय." रोज स्वतःच्या घरी उकडून आणीन म्हणाली, "तुमी बगू नका म्हंजे झालं."
न बघताच तर वर्ष काढलं.

मंगळ. ३ फेब्रु.
परसात तीन दगडांची चूल मांडली. म्हटलं, शेवंता, उकडायचं ते इथे, माझ्यासमोर. तिने बांगडा उकडून काटे काढले, मी नाकाला पदर लावून उभी. बंड्याने ताटली इतकी चाटली की ती सरकत विहिरीपर्यंत गेली. शेवंता हसून हसून बसली खाली. मलाही...
परत अंघोळ केली.
डबा वेगळा. त्यावर कागद चिकटवला, मराठीत: भात. बांगडा. दुधी. हळद. जास्त ते आधी.

शुक्र. २० फेब्रु.
कंपनीचं उत्तर आलं. छापील, इंग्रजीत. आमच्या लाडक्या प्राण्यावरच्या प्रेमाबद्दल आभार मानलेत. प्रश्नाचं उत्तर नाही. सोबत नव्या मालाचा नमुना, वर हिरवेगार मटार. आधी मागची बाजू वाचली. दुसऱ्या नंबरला तेच. पाकीट तसंच उलट टपाली पाठवणार.
बंड्याच्या पायावर मऊ केस येताहेत. कालपासून कावळ्यांवर भुंकतो.
उद्या वन्सं येताहेत देवरुखहून, महिनाभर. त्यांचं सोवळं कडक. यांच्या थोरल्या बहीण, हेही घाबरतात. यांचं मला दोनदा सांगून झालं, "डबा राहू दे परसात, तो कागद तेवढा काढ." म्हणजे ताकभात समजतील.
नाही काढणार. उद्या काय होईल ते होवो. त्या म्हणाल्या, कुत्रा तरी नाहीतर मी तरी, तर मग मात्र...
वन्संना हल्ली कमी दिसतं. अक्षरं आणखी मोठी काढावीत.