कमांडरचं शेवटचं वाक्य

१२ सप्टेंबर, शुक्रवार
'ध्रुवयान' मालिकेचा नवा भाग मोबाइलवर आला. घरी जाईपर्यंत दम निघेना. लॅबमधून सुटले आणि उमरग्याच्या स्टँडवरच हेडफोन लावले. लेखन : रेवती. आमची रेवती, ईट गावची. होस्टेलला एका रेडिओवर दोघी हीच मालिका ऐकायचो. आता ती पुण्यात बसून लिहिते. ऊर भरून आला.
शेवटाकडं अवकाशयानाचा कमांडर मरतो. लेक समोर. तो म्हणतो, "आधी फ्यूज काढ, मग मला हात लाव."
बंद केलं. माझी गाडी लागली आणि गेली, उठलेच नाही.
ते अण्णांचं वाक्य आहे.

१३ सप्टेंबर
अण्णा जन्मभर वीज मंडळात लाइनमन. शेवटी सोलापूरच्या दवाखान्यात, भ्रमात, हेच बोलले. अंगात करंट आहे, पोरीला शॉक बसेल, असं वाटत होतं त्यांना. मी फक्त रेवतीला सांगितलं. आईला पण नाही.
उरलेला भाग आज ऐकला. कमांडरची लेक धावत जाऊन मिठी मारते. मागं व्हायोलिन.
मी मिठी मारली नव्हती. हात मागं घेतला. त्यांचं समाधान व्हावं म्हणून भिंतीवरचं बटण बंद करायला गेले. वळले तोवर...
हे पण रे.ला माहीत होतं.

१४, रविवार
श्रोत्यांच्या ग्रुपवर दिवसभर तेच.
वाशीचे गुरुजी, ग्रुप त्यांचाच : "अवकाशयानात फ्यूज? लेखिकेनं विज्ञानाचं पुस्तक तरी उघडावं."
लातूरचा एकजण : "मरताना असं कुणी बोलतं व्हय? लई हसलो."
आणि सगळ्यांचं एकमत : मिठीचा सीन मात्र अगदी खरा, डोळ्यांत पाणी आलं.
'बोलतं,' असं टाइप केलं. पुसलं. भांडी घासली, एक कप फुटला. माझ्याच हातानं, मुद्दाम.

१६ सप्टेंबर
रे.ला फोन.
"अगं, अण्णांची आठवण म्हणून घातलं ते."
"मला विचारायचं तरी."
"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."
खरंय. म्हणून जास्त राग.
"आणि मिठी कशाला?"
"पोरगी बटण बंद करायला गेली असं दाखवलं असतं तर लोकांनी तिला शिव्या घातल्या असत्या गं."
म्हणजे मला.
मग हळूच म्हणाली, ते वाक्य काढणारेत. लोक हसतात म्हणून परत रेकॉर्डिंग. "तू ग्रुपवर लिही ना. तुझं ऐकतात. सांग, माणसं बोलतात असं."
आधी घ्यायचं आणि मग राखायला मलाच उभं करायचं. फोन ठेवला.

१८ सप्टेंबर
गुरुजींनी मतं मागवलीत : वाक्य ठेवावं की काढावं? उद्या पाठवणार पुण्याला. मला वेगळा मेसेज, "ताई, तुम्ही सगळ्यात जुन्या. तुमचं मत राहिलं."
काढा म्हणलं तर अण्णांचं हसं थांबेल. आणि मिठी तेवढी उरेल.
ठेवा म्हणलं तर विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक?

१९ सप्टेंबर, सकाळ
आईनं तो भाग ऐकला. शेजारच्या पोरीनं लावून दिला. मी पोळ्या करत होते तर मागं दारात येऊन उभी राहिली.
"ह्यांच्यावानीच बोलतो गं त्यो. ह्ये बी घरात बल्ब बदलताना असंच वरडायचे."
मी पुढची पोळी लाटायला घेतली.
"बरं झालं, लेक जवळ हुती त्याच्या. तू बी हुतीस की. मला तेवढंच समाधान हाय." आणि मग, "हात धरला हुतास न्हवं?"
तव्यावरची पोळी करपली. ती काढली, दुसरी टाकली. आई हलली नाही दारातनं. गुरुजींचा फोन वाजून थांबला.
म्हणलं, "आई, बस जरा इथं."
बसली.