कोनात्सूसाठी तीन दिवस बर्फ

६ नोव्हेंबर

फॉर्म मिळाला! स्कीच्या डोंगरावरच्या लिफ्टचा मुकादम कुडो, त्याने नाश्त्याच्या टेबलावर टाकला. कामगाराच्या घरच्यांना तीन दिवस खोली, स्की, बूट, सगळं फुकट. शाळेत न जाणाऱ्या पोरांना तर लिफ्टचा पासही लागत नाही. कोनात्सू एप्रिलमध्ये शाळेत जाईल. म्हणजे हाच हिवाळा. पुढचा नाही.

"घरचे म्हणजे कोण रे तुझे, ओकिनावा?" कुडो म्हणाला. माझं नाव तेरू. पण दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवरून इथे उत्तरेत आलो ना, म्हणून ओकिनावा.
"मुलगी."
"तुला मुलगी? तुला दाढी तरी येते का नीट?"
सगळे हसले. हसू देत.

फॉर्मला गावच्या कचेरीतला कुटुंबाच्या नोंदीचा उतारा जोडायचा. उद्या मागवतो.

११ नोव्हेंबर

सगळं ठरवलं. पहिला दिवस — चालता पट्टा. पोरांनी नुसतं उभं राहायचं, पट्टा वर नेतो, मग घसरत खाली. दुसरा दिवस — माझी लिफ्ट, तारेला लटकत वर जाणाऱ्या खुर्च्यांची. खुर्ची मी धरणार, तिला मी बसवणार. तिसरा दिवस — बर्फाचा माणूस.

कुडोला सांगितलं तर पोट धरून हसला. "इथल्या बर्फाचा माणूस? अरे, हा पिठासारखा कोरडा. मूठ वळ बघ, बोटांतून निसटतो. त्याच्यासाठीच तर लोक कुठून कुठून येतात. माणूस करायचा तर पाणी मारावं लागतं!"

दोन हिवाळे काढले इथे आणि हे माहीत नाही. कोणासाठी करणार होतो?

खानावळीत रांधणाऱ्या फुमीआजीकडून इस्त्रीच्या फवाऱ्याची बाटली मागून घेतली. म्हणाली, "पोरगी खाते काय?" मला सांगता येईना. तीन वर्षांची होती तेव्हा अंड्यात परतलेलं कारलं खायची. आता?

बूट सतरा नंबरचे लिहिले.

१५ नोव्हेंबर

मिसुझुला फोन. घटस्फोट झाला तेव्हा ठरलं होतं — वर्षातून एकदा भेट, ती हो म्हणाली तर. मी बर्फाचं सगळं एका दमात सांगितलं. मग म्हणाली, "बघू."
"बघू म्हणजे हो ना?"
"तेरू, मला तुझ्याशी दुसरं बोलायचंय... जाऊ दे. नंतर."
मागून कोनात्सूचा आवाज आला — "खरा बर्फ? फ्रीजमधला नाही ना?"
बघू म्हणजे होच!!

२१ नोव्हेंबर

लिफ्ट सुरू झाली. दिवसभर खुर्च्यांवरचा बर्फ झाडायचा, माणूस बसला की "जाऊन या" म्हणायचं. नियमच आहे. प्रत्येकाला. दिवसाला हजार वेळा म्हणतो मी जाऊन या.

आमच्या बेटावर उसाच्या ट्रकची सीट उंच. कोनात्सूला काखेत धरून वर उचलायचो आणि म्हणायचो, "टुण्‌ गुरुकुन!" गुरुकुन म्हणजे आमच्या समुद्रातली लाल मासळी, हातात धरली की वळवळते. ही पण तशीच वळवळायची, खिदळायची. गेल्या वर्षी दोन तास भेटली तेव्हाही बोटीच्या बाकावर तसंच चढवलं. "परत कर" म्हणाली. बोट सुटली.

लिफ्टवर पण म्हणणार. नियम गेला खड्ड्यात.

२ डिसेंबर

उतारा आला. जेवणाच्या सुट्टीत फोडला. अवघड अक्षरं मला येत नाहीत. शाळेत नावापुरता होतो, चौदाव्या वर्षापासून बंदरावर. नावं तेवढी लागतात.

माझं नाव. ठीक. मिसुझुच्या नावाशेजारी एक चौकोन, आत दोन अक्षरं. कोनात्सूच्या नावाशेजारी पण चौकोन. तीच दोन अक्षरं.

हा चौकोन मी पाहिलाय. बाबा समुद्रात बुडून गेले, त्यानंतर आईने कचेरीतून असाच कागद आणला होता. बाबांच्या नावाशेजारी हाच होता.

नऊ वेळा फोन केला. कोणी उचलत नाही. दोघींच्या नावाशेजारी. दोघींच्या!

२ डिसेंबर, लिफ्ट बंद झाल्यावर

दुपारभर खुर्च्या कशा धरल्या माहीत नाही. एका बाईच्या गुडघ्याला खुर्ची लागली. कुडो शिव्या देत होता, मला ऐकू येत नव्हतं.

फुमीआजीने ओले हात पुसले, भिंग घेतलं. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा.
"मेली नाही रे, बावळटा! कोणी मेलं नाही. या नोंदीतून नाव काढलंय, एवढाच त्याचा अर्थ. माणूस मेला तरी लावतात, दुसऱ्या घरात गेला तरी लावतात. तुझी बायको घटस्फोटात गेली, म्हणून तिला."
मी हसलो. खरंच हसलो, मोठ्याने. बटाट्याची टोपली लाथेने उलटली तरी हसतच होतो.
मग विचारलं, "आणि कोनात्सू?"
आजीने भिंग खाली ठेवलं. परत उचललं.
"दत्तक गेली. आईच्या नव्या नवऱ्याला. तीन ऑगस्टला."

ऑगस्ट. ऑगस्टमध्ये मी काय करत होतो? हॉटेलामागचं गवत कापत होतो.

५ डिसेंबर

काही नाही.

६ डिसेंबर

कुडोने उतारा बघितला. या वेळी हसला नाही. "घरची म्हणून चालणार नाही रे. माझ्या हातात असतं तर..." त्याच्या हातात नाही. फॉर्म परत दिला. मी त्याची घडी करून बुटात घातली. बूट जरा सैल होताच.

९ डिसेंबर

मिसुझुने फोन उचलला. मी पाठ केलेलं सगळं विसरलो. नुसतं म्हटलं, "मला न विचारता?"
"विचारायची गरज नसते. कचेरीतच सांगितलं."
"गरज नसते म्हणून नाही विचारलंस?"
"विचारलं असतं तर भांडला असतास. आणि भांडून परत गायब. नागोयाला गाड्यांच्या कारखान्यात आठ महिने, ओसाकात परांचीवर सहा. तुझा पत्ता लिहून लिहून माझी वही भरली, तेरू. मोरिओ शाळेची बस चालवतो. रोज संध्याकाळी पाचला घरी असतो. तिला एवढंच पाहिजे, पाचला कोणीतरी यायला."
पाचला मी कधीच कुठे नव्हतो.

मग म्हणाली, "तिने बालवाडीत सगळ्यांना सांगून ठेवलंय बर्फाचं. रोज विचारते. आम्ही येतो. तिघं, आमच्या खर्चाने. फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पण तू तिला ओळख द्यायची नाही, काही बोलायचं नाही. ती आता कुठे त्याला बाबा म्हणायला लागलीय. तिचा गोंधळ करू नकोस. कबूल?"
कबूल म्हणालो. माझ्याच तोंडातून आलं ते.

१२ डिसेंबर

मोरिओचा फोन. आवाज बारीक, दर वाक्याला माफी मागतो. कुठे उतरायचं, पहिल्या दिवशी काय करायचं, विचारत होता. मी सगळं सांगितलं. पट्टा, मग लिफ्ट, मग बर्फाचा माणूस. पाणी मारायला लागतं तेही. बाटली लिफ्टच्या खोपट्यात ठेवतो म्हणालो. तो लिहून घेत होता, पेनाचा आवाज येत होता.
"बूट सतराचे घ्या," म्हटलं.
"माफ करा... एकोणीस लागतो तिला."
माझी मुलगी दोन नंबर वाढली आणि मला बसच्या ड्रायव्हरने सांगितलं.

त्याला शिवी द्यायला जमलं नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

३ जानेवारी

बर्फ, बर्फ, बर्फ. छपरावरचा काढला, जेवून येईपर्यंत तेवढाच परत. कशासाठी झाडायचं काही?

१९ जानेवारी

आज लहान मुली बघवेनात. एकीला उचललंच नाही. तिच्या आईने उचललं, माझ्याकडे रागाने बघत.

२८ जानेवारी

बॅग भरली. क्यूशूला बंदरावर काम आहे म्हणतात. तिला काही बोलायचं नाही ना? मग इथे नसलेलंच बरं. काम मार्चपर्यंत कबूल केलंय, पण कोण अडवणार?
फुमीआजीने बॅग बघितली. "जा. तुला पाय कशाला दिलेत देवाने, चाकंच लावायची. त्या बाईने बरोबर केलं म्हणून दाखवायचंय ना तिला? दाखव."
म्हातारी फार बोलते. भाताचे दोन मुटके बांधून दिले आणि दारातून हललीच नाही.

बसलो परत. बॅग भरलेली ठेवलीय.

२ फेब्रुवारी

आले.

लांबूनच बघितली, पट्ट्यावर. पिवळं हेल्मेट. पडली, उठली, पडली. मोरिओ तिच्याहून जास्त पडतो. बेटावरचीच माणसं, बर्फात तिघांची गंमत. सगळे बघून हसत होते, मी सोडून.

३ फेब्रुवारी

लिफ्टवर आली. माझ्या तोंडावर फडकं, डोळ्यांवर चष्मा, टोपी. नाकसुद्धा दिसत नाही. मिसुझुला कळलं, तिने मान खाली घातली. मी लिफ्ट हळू केली. काखेत धरलं, उचललं, बसवलं. जड झालीय!
"जाऊन या," म्हटलं.
"थँक्यू, काका."
काका.
मोरिओ शेजारी बसला, खुर्चीची दांडी खाली ओढली, गेले वर. दांडी बरोबर ओढतो तो. शिकला एका दिवसात.

वायरलेसवर कुडो ओरडला, "ओकिनावा, लिफ्ट का रांगतेय? झोपलास?"
"पोर आहे."
दर वेळी हळू केली, तो परत काही बोलला नाही. आठ फेऱ्या. आठ वेळा उचललं. आठ वेळा जाऊन या. आठ वेळा थँक्यू काका. जिभेवर दुसरं काहीतरी येत होतं, गिळत होतो.

मेलोय मी. कागदावरचा चौकोन बरोबरच होता, आजीला काही कळत नाही. माझ्याच नावाशेजारी लावायचा राहिला.

४ फेब्रुवारी

सकाळी मोरिओ खोपट्याशी आला, बाटली मागायला. दोन्ही हातांनी घेतली आणि वाकला. फार खाली वाकला, बराच वेळ. तासाभराने कुंपणापलीकडे बर्फाचा माणूस उभा. वाकडा, पण उभा.

मग जाण्याआधीची शेवटची फेरी. उचललं, बसवलं, जाऊन या म्हटलं. थँक्यू आलं नाही. खुर्ची हलली, चार हात वर गेली, तेव्हा तिने मान वळवली आणि हेल्मेटातून जोरात ओरडली —
"टुण्‌ गुरुकुन का नाही म्हणत? कालपासून वाट बघतेय मी!"