सगळ्यांचं ऐकून घेणारी बहीण

प्रिय धाकटे,

तुझा निरोप पोचला. पुढच्या आठवड्यात तू आमच्या गावात येणार, नदीकाठच्या शाळेत बसून लोकांचे जबाब घेणार, पुलाजवळच्या लॉजवर उतरणार आणि माझ्या घरी येणार नाहीस. वर हेही लिहिलंस, की ताई, गैरसमज करून घेऊ नकोस, नियमच तसा आहे. गैरसमज कसला? समजायचं ते बरोबर समजलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या शाळेची पाण्याची टाकी दिसते. तू तिथे बसून गावातल्या बायकांना आधी पाणी हवं का विचारणार, आणि मी इथे ओट्याशी उभी राहून टाकीकडे बघणार. मला राग आलाय असं तुला वाटेल. राग नाही गं, नुसता जळफळाट आहे. सख्ख्या बहिणीवर या वयात जळू नये म्हणतात. पण मी तुझ्यावर जळत नाही. तू ज्यांचं ऐकून घेतेस ना, त्या बायांवर जळते.

मागच्या महिन्यात शेजारच्या शिंपीणकाकूंनी त्यांच्या फोनवर बातम्यांत तुला दाखवलं. नदीपलीकडच्या कुणा बाईच्या अंगणात, पालथ्या क्रेटवर बसली होतीस. केस बरेच पिकलेत तुझे, रंगवत का नाहीस? आवाज येत नव्हता, पण हातवाऱ्यांवरून मला कळत होतं, की बाई मूळ गोष्ट सोडून सुनेच्या तक्रारीवर घसरली आहे. मग ती कोंबड्या हुसकायला उठली, सावकाश परत आली, पदराने तोंड पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली, आणि तू मान किंचित कलती ठेवून तशीच बसून. काकू म्हणाल्या, तिचा मुलगा तिकडच्या बंडखोरांत आहे, बघा हिला तिच्यासाठीसुद्धा सवड आहे. मी म्हटलं, आहे, आमची आहेच तशी. म्हटलं खरं, पण घरी येऊन भांडी अशी आपटली की एका पातेल्याला पोचा आला. मला कधी तू तीन वाक्यं सलग बोलू दिलीस? माझ्या फोनवर दुसऱ्याच मिनिटाला तुझं बरं मग, बरं मग सुरू होतं. त्या बाईला मात्र कोंबड्यांसकट ऐकलंस.

तू लहानपणापासून अशीच. बाबांचा रेडिओ खोलून मी त्याचे भाग सतरंजीवर मांडले होते, आठवतं का? परत जुळेचनात. बाबांनी विचारलं कुणी केलं, तर तू एवढीशी पोर पुढे झालीस आणि सांगून टाकलंस, की ताईने खोललं. मी मनात तुला शिव्या घालत होते, तोवर तू पुढे म्हणालीस, की पेचकस मी धरला होता आणि एक स्क्रू माझ्याच हातून मोरीत गेला. बाबांना हसू आवरेना. तेव्हापासून तू पंचबाई. मार मला एकटीलाच बसला, कारण मोठी मी. आणि त्यानंतर कुणाचंही भांडण झालं की पंचबाईला बोलवा. आई गेल्यावर सगळे पांगले, आता आपण दोघीच उरलो, तरी तुझं पंचपद काही सुटलं नाही. एकदा तरी, एकदाच, तू ऐकून न घेता आधी माझ्या बाजूने भांडायला हवं होतंस. मी चुकत असताना. बरोबर असताना तर कुणीही येतं.

यांना मात्र तुझं फार कौतुक. तू सुट्टीला यायचीस तेव्हा आम्ही दोघं मुद्दाम तुझ्यापुढे खटला मांडायचो. खिडकी उघडी ठेवायची की बंद, तुझ्या दाजींच्या घोरण्याबद्दल शिक्षा काय. तू दोघांचं नीट ऐकायचीस आणि निकाल असा द्यायचीस, की दोघंही हरायचो. हे म्हणायचे, मेहुणीबाईंना लाच म्हणून चहा दिला तर दोन्ही पक्षांकडून एकेक कप पितील आणि निकाल राखून ठेवतील. मी चिडून म्हणायचे, तुम्हाला बायकोपेक्षा मेहुणी बरी वाटते. तर म्हणायचे, अगं, सगळं जग दोन तट करून बसलंय, त्यात असं एखादं माणूस आपल्या घरातलं असावं. त्यांचं कामही तुझ्यासारखंच होतं म्हणा. पंपघरातला मिस्त्री. एक पाइप अलीकडच्या काठाला, एक पलीकडच्या. लढाई सुरू झाली तेव्हा इकडचे म्हणाले तिकडचा व्हॉल्व्ह बंद कर, आणि तिकडून निरोप आला की बंद केलास तर बघून घेऊ. यांनी दोघांनाही सांगितलं, मोटर एकच आहे, तिला बाजू कळत नाही. मग पाना घेऊन खाली उतरले.

तुझी लढाईच्या चौकशी आयोगावर नेमणूक झाली त्या दिवशीचा तुझा फोन मला लख्ख आठवतो. किती गंभीर होतीस. ताई, मी वरिष्ठांना सगळं सांगितलंय, माझी बहीण तिथे राहते, तिच्या घराला काही झळ लागलेली नाही, गाव अजून शांत आहे. ते म्हणाले, ती भाषा येणारी माणसं आमच्याकडे मोजकी, तेव्हा घराला झळ नाही तोवर चालेल. पण ताई, माझी एक अट, लढाईबद्दल तुझ्या तोंडून एक अक्षरही माझ्या कानावर पडता कामा नये. उद्या कुणी म्हणायला नको, की हिची बहीण हिचे कान भरते. मी हो म्हटलं. मला कौतुकच वाटलं. पण धाकटे, लढाई चालू असलेल्या गावात लढाई वगळून बोलायला उरतं काय? पावासाठी रांग का, वीज का गेली, काकूंच्या मशीनवर पडद्यांऐवजी वाळू भरायची पोती का शिवतात, सगळं तिथेच जाऊन पोचतं. म्हणून मग माझे गुडघे, तुझा खोकला, हवा. मी एखादं वाक्य सुरू करायचे आणि जीभ चावायचे. तुला वाटायचं ताई हल्ली कमी बोलते, बरं झालं, शहाणी झाली.

तू कशासाठी येतेस ते तू लिहिलं नाहीस, लिहिणारही नाहीस. पण गावात बारक्या पोरांनाही ठाऊक आहे, की पंपघराची चौकशी आहे. तुमच्या पत्रकात नुसतं आहे, पाणीपुरवठ्याचे दोन कर्मचारी ठार, नावं नाहीत. तोफेचा गोळा कुणाचा, यावर इकडचा रेडिओ एक सांगतो, तिकडचा दुसरं. वॉर्डाचे अध्यक्ष स्वतः माझ्याकडे येऊन गेले. खुर्चीवर टेकले, पाणी प्यायले, म्हणाले, वहिनी, गोळा पलीकडून आला एवढंच सांगायचं, बाकी आम्ही बघून घेतो. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी तेव्हा गच्चीवर चादरी वाळत घालत होते, आवाज आला आणि पक्षी उडाले. ते म्हणाले, माहीत नसलं तरी कळायला नको? जो येतो तो हेच विचारतो. काकू, दूधवाला, दवाखान्यातल्या नर्सबाई. गोळा कुणाचा? जणू ते कळल्याशिवाय किती हळहळायचं ते त्यांना ठरवता येत नाही.

त्या दुसऱ्या कर्मचाऱ्याची बायको अगदी तरणी आहे. ती तुझी वाट बघते आहे. रोज माझ्याकडे येते आणि तुझ्यापुढे काय बोलायचं ते मला म्हणून दाखवते. तू माझी बहीण आहेस हे तिला माहीत नाही, काकू तिला अजून बोललेल्या नाहीत, नवलच. परवा म्हणाली, त्या बाई म्हणे कुणाचीच बाजू घेत नाहीत, म्हणून मी त्यांनाच सांगणार. मला आधी अभिमान वाटला. आणि मग इतका हेवा वाटला की माझा मलाच धक्का बसला. अख्खी दुपार तू हिच्यासमोर बसणार. हिच्या प्रत्येक हुंदक्याला थांबणार. मी तिला म्हटलं, जा आता, मला काम आहे. काम काही नव्हतं.

मग मी एक बेत केला. म्हटलं, आपणही शाळेत जाऊन रांगेत बसावं. नाव पुकारलं की आत जावं, समोरच्या बाकावर बसावं. मग बघू पंचबाई कशी मध्ये बोलते ते. माझं सगळं ऐकावं लागलं असतं तुला, कोंबड्यांसकट. मी निळी साडी इस्त्री करून खुर्चीवर टाकलीसुद्धा. पण मग तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला. तू मला विचारशील, आवाज कुठल्या दिशेने आला, तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात. तुम्ही म्हणशील. आणि तुझ्या शेजारचा तो दुभाष्या दोघींची एकच भाषा असून उगाचच वही उघडून बसेल. साडी पुन्हा कपाटात ठेवली.

एकदा मी सांगायचा प्रयत्न केला होता गं. गोळा पडला त्याच दिवशी. तुझा नंबर दोनदा चुकला. तू फोन उचललास, मागे माणसांची कुजबुज होती. मी म्हटलं, धाकटे, इथे आज पंपघराजवळ. एवढंच बोलले. तू पटकन आणि हळू आवाजात म्हणालीस, ताई, त्याबद्दल एक शब्द नको, तुला माहीत आहे ना, दुसरं काय असेल ते बोल. मग तूच विचारलंस, दाजी कुठे आहेत? मी म्हटलं, घरी नाहीत. तू म्हणालीस, पंपाशीच असणार, त्यांना सांग निकाल अजून राखून ठेवलाय. आणि हसलीस. मी फोन ठेवला. त्यानंतरही तू दाजींचं विचारत राहिलीस, मी घरी नाहीत म्हणत राहिले आणि हवेबद्दल सांगत राहिले. तू घातलेली अट मी पाळली, धाकटे. अशी तर मी आईचीसुद्धा कुठली गोष्ट पाळली नव्हती.

आता ऐक. पंपघरात जे दोघे गेले, त्यांतले एक तुझे दाजी. हे वाचून झालं, की तुला हे पत्र वरिष्ठांपुढे ठेवावं लागेल, आणि ते तुला त्याच क्षणी या कामावरून काढतील. घराला झळ लागली तर हेच होणार, तूच सांगितलं होतंस. म्हणूनच लिहिलं. फोनवर तू मला अर्ध्यातच थांबवलं असतंस, म्हणून दवाखान्यातले डॉक्टर तिकडे राजधानीला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे, तू निघायच्या आत पोचावं म्हणून. ती तरणी पोर रडेल, तिला तूच हवी होतीस. शाळेत बसलेल्या सगळ्या बायका हळहळतील आणि मला वाईट वाटेल, थोडंसंच. त्यांचं ऐकायला आयोग दुसरं कुणीतरी पाठवेल, तुझ्याइतकंच सरळ, तुझ्याइतकंच शांत. मला दुसरी बहीण कोण पाठवणार? तेव्हा लॉजवर उतरू नकोस. सरळ घरी ये, चप्पल काढायच्या आधी मला जवळ घे, आणि गोळा कुणाचा होता ते मला विचारू नकोस. गावात न विचारणारी तू एकटीच असशील.

कुणाशीही वाटून न घेता तुझीच,
ताई